गोष्टीचा खेळ घेताना : सूत्रधाराने काय करावं, काय टाळावं?



मुलांना गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही. पण गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबून "आता तू काय करशील?" असं विचारलं, आणि मूल जे म्हणेल त्यावरून पुढची गोष्ट ठरली तर? टेबलाभोवती बसून खेळायचा रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच भूमिका-खेळ, नेमका असाच असतो. प्रत्येक खेळाडू गोष्टीतलं एक पात्र होतो. एक जण गेम मास्टर असतो. तो गावातली बाकीची माणसं, हवा, नदी, संकटं सगळं सांभाळतो. आपण त्याला सूत्रधार म्हणूया. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा.

या प्रकारचा छापील स्वरूपात विक्रीला आलेला पहिला खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली आणला. पण निर्णय देणारा पंच ही कल्पना त्याहून जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ घेत, त्यातही पंच असायचा. म्हणजे हा खेळ मुळात शिकवण्याच्या जवळचाच आहे.

माझी चूक

मी पहिल्यांदा हा खेळ सहावीच्या सात मुलांबरोबर एका शनिवारी घेतला. आदल्या रात्री सहा पानं लिहून काढली. गोष्ट अशी : गावाची विहीर अचानक आटली आहे. वर डोंगरात कुणीतरी ओढा अडवलाय. मुलांनी आधी किल्ल्यावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराकडे जायचं, त्याने खूण सांगायची, मग बांध सापडायचा. सगळं ठरलेलं.

खेळ सुरू झाला आणि वर्गात एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, मी विहिरीत उतरून बघते."

माझ्या सहा पानांत विहिरीत काहीच नव्हतं! मी म्हटलं, "नको, खोल आहे. आधी रखवालदाराकडे जा." ती पुन्हा म्हणाली, "नाही, मी उतरते." मग मी वीस बाजूंचा फासा टाकायला लावला. तीन पडले. मी म्हटलं, "घसरलीस, पाय मुरगळला. आता तू इथेच बस." बाकीची मुलं हसली. पुढचा अर्धा तास ती एक शब्द बोलली नाही.

घरी जाताना तिने मला विचारलं, "बाई, तुमचं सगळं आधीच ठरलेलं होतं, तर आम्हाला विचारलंत कशाला?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी अनुभवी सूत्रधारांचे सल्ले शोधून वाचले. मला उपयोगी पडलेले पाच इथे देत आहे.

१) गोष्ट लिहू नका, परिस्थिती लिहा

"मुलं आधी इकडे जातील, मग तिकडे जातील" असं लिहिलं की मुलांना आपल्या वाटेवर ढकलावं लागतं. त्याऐवजी एवढंच लिहा : गावात काय बिघडलंय, ते कुणी केलं, त्याला काय हवंय, आणि कुणीच काही केलं नाही तर उद्या काय होईल. माझ्या गोष्टीत : वरच्या वाडीतल्या माणसाने आपल्या बागेसाठी ओढा अडवलाय, त्याची झाडं वाळत होती, आणि दोन दिवसांनी गावातली गुरं पाण्यावाचून हाल काढतील. एवढं माहीत असलं की मुलं कुठेही गेली तरी तुम्हाला उत्तर सुचतं. शिवाय सहा पानांचं काम एका पानात होतं.

२) महत्त्वाच्या गोष्टीकडे नेणाऱ्या तीन खुणा ठेवा

जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने हा नियम मांडला आहे. मुलांना जे कळलंच पाहिजे, त्याची निदान तीन खुणांनी सोय करा. एक नजरेतून सुटेल, दुसरीचा अर्थ चुकीचा लागेल, तिसरी सापडेल. ओढा अडवलाय हे कळण्यासाठी मी पुढच्या वेळी अशा खुणा ठेवल्या : विहिरीत ओढ्याच्या बाजूचा झरा कोरडा पडलाय, गुराखी म्हणतो की गुरं पाण्यासाठी वर वर जातायत, आणि डोंगराच्या वाटेवर दगड वाहून नेल्याच्या बैलगाडीच्या ताज्या चाकोऱ्या आहेत. रखवालदार भेटला नाही तरी आता काही अडत नाही.

३) फासा हरला तरी गोष्ट थांबू देऊ नका

'आता तू इथेच बस' ही माझी सगळ्यात मोठी चूक. फासा कमी पडला म्हणजे काहीतरी बिघडावं, पण खेळ पुढे सरकावा. ती घसरली, तर घसरून खालीच पोचू दे. दोर मात्र तुटू दे. आता तिला झरा दिसतोय, पण वर यायला मित्रांची मदत लागणार!

'अपोकॅलिप्स वर्ल्ड' (२०१०) या खेळात यासाठी सोपी रीत आहे. दोन साधे फासे टाकून बेरीज करायची. तिथे पात्राच्या गुणांचे आकडेही त्यात धरतात; आपण ते सोडून देऊ.

• १० ते १२ : जमलं.
• ७ ते ९ : जमलं, पण काहीतरी किंमत मोजावी लागली.
• २ ते ६ : अडचण आली, गोष्टीला नवं वळण.

दहावीच्या संभाव्यतेतले दोन फाशांचे ३६ निष्पत्ती आठवा. १० ते १२ साठी ६, ७ ते ९ साठी १५, आणि २ ते ६ साठीही १५. म्हणजे ३६ पैकी २१ वेळा मुलाच्या हाती काहीतरी लागतं. मोठ्या मुलांना हे गणित स्वतः मांडू द्या, आवडीने मांडतात. आणखी एक : ज्या कामात धोकाच नाही, त्यासाठी फासा टाकूच नका. दार उघडं असेल तर उघडं आहे.

४) प्रश्न नावाने विचारा आणि उत्तर वापरा

"कोण सांगेल?" म्हटलं की तेच दोन हात वर येतात, हे आपल्याला वर्गातूनही माहीत आहे. इथे पात्राच्या नावाने विचारता येतं. "गुराखी तुझ्याकडे बघतोय. तू त्याला आधीपासून ओळखतेस. कशी?" मूल म्हणालं, "तो माझा मामा आहे," तर तो मामाच. पुढे त्या मामाला गोष्टीत आणा. आपण बोललेलं खरं होतं हे एकदा दिसलं की गप्प मूलही बोलतं. लगेच सुचलं नाही तर मात्र रेटू नका, "विचार कर, मी परत येते" म्हणा.

५) सुरुवातीलाच सीमा ठरवा

अनुभवी सूत्रधार खेळाआधी एक बैठक घेतात. गोष्ट कशी असेल, आणि त्यात काय नको, हे सगळे मिळून ठरवतात. मुलांना विचारा. कुणाला साप नको असतो, कुणाला घरातल्या माणसाचा मृत्यू. जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी सुचवलेलं फुलीचं कार्डही ठेवा. टेबलाच्या मध्ये फुली काढलेला कागद. कुणीही त्यावर बोट ठेवलं की तो प्रसंग सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही. फाशावरून कुणाला हसायचं नाही, हा नियम मी माझ्या चुकीनंतर जोडला.

वर्गात चाळीस मुलं असतील तर?

एका टेबलाला चार-पाच खेळाडू बरे. मोठ्या वर्गाचे पाच गट करा आणि प्रत्येक गटाला एकच पात्र द्या. गटाने दोन मिनिटांत आपसात ठरवायचं, दर वेळी वेगळ्या मुलाने बोलायचं. एका तासिकेत तीन-चार प्रसंग होतात. शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि प्रत्येकाला आपल्या पात्राची त्या दिवसाची रोजनिशी लिहू द्या. निबंधाला पाच ओळी न लिहिणारी मुलं इथे पान भरतात. पालकांनो, घरी दोन मुलं आणि दोन फासे एवढं पुरतं.

महिनाभराने मी तीच गोष्ट पुन्हा घेतली. त्या मुलीला मी म्हटलं, "मागच्या वेळी मी चुकले. तुला काय करायचंय?" तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "विहिरीत उतरायचंय." बेरीज आठ आली. ती उतरली, दोर तुटला, तिला कोरडा झरा दिसला. आणि खालूनच ती ओरडली, "अरे, पाणी विहिरीतून गेलं नाहीये, विहिरीपर्यंत पोचतच नाहीये!"

बांध कुणी घातला ते मुलांनी शोधलं. मी मात्र धरून चालले होते की ती बांध फोडतील. त्यांनी वाडीतल्या माणसाशी बोलून पाण्याचे वार ठरवले. हे माझ्या कागदावर कुठेच नव्हतं.

येत्या शनिवारी करून बघा. कागद एकच घ्या, आणि त्यातही थोडी जागा कोरी सोडा.