व्हायोलिन: डोळ्यांनी निवडायचं की कानांनी?

पालकहो, मुलासाठी व्हायोलिन घेताना नजर आधी चकचकीत पॉलिशवर जाते ना? माझीही गेली होती! पण २०१२ मध्ये पॅरिस परिसरात एक प्रयोग झाला. १० नामवंत वादकांनी गडद चष्मे लावून जुनी-नवी व्हायोलिनं वाजवली. जुन्यांत प्रसिद्ध स्ट्रॅडिव्हेरियसही होती. तरी ६ जणांनी नवंच निवडलं. रंगरूप दिसेनासं झालं की कान खरे कामाला लागतात.

म्हणून दुकानात मुलाला पाठमोरं उभं करा, दोन-तीन व्हायोलिनं वाजवायला सांगा आणि त्यालाच निवडू द्या. डोळ्यांनी बघायचंच तर तडे, घोडी आणि खुंट्या बघा. त्यांचा संबंध सुराशी असतो. माझ्या लेकीने ओरखडे असलेलंच निवडलं. आज ती ते स्वतःहून हातात घेते!