वकील आणि उंबरठा : आपले दोन हक्क



पोलीस ठाण्याचे बोलावणे आले की आपला माणूस आधी घाबरतो, मग कर्ज काढतो. सोनिवलीतील प्रत्येक घराला पुढील दोन हक्क माहीत असावेत.

पहिला हक्क वकिलाचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 15 सप्टेंबर 1949 रोजी संविधान सभेत मांडलेले कलम आज कलम 22 म्हणून ओळखले जाते. त्यानुसार अटकेचे कारण सांगणे, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक आहे. पण वकिलाला द्यायला पैसेच नसतील तर? गरीब कैद्याला मोफत वकील देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सांगितले. पुढे विधी सेवा प्राधिकरण कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून अमलात आला. त्यात अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले व कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींत बौद्धांचाही समावेश झालेला आहे.

दुसरा हक्क खाजगीपणाचा. स्त्रीची समाजात कशीही ख्याती असो, तिच्या घरात कोणीही मनाला येईल तेव्हा शिरू शकत नाही, असा निर्वाळा 1991 साली महाराष्ट्रातील मर्डीकर खटल्यात मिळाला. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणाला मूलभूत हक्क ठरविले.

म्हणून कर्ज काढण्यापूर्वी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा किंवा 15100 वर फोन करावा. हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. आणि मागण्यासाठी तो आधी माहीत असावा लागतो.