थंडीतील व्यायाम आणि पोशाख

26 जानेवारीच्या संचलनाची तयारी ऐन थंडीत करावी लागते. आपले हळ्ळीखेड समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. हिवाळ्यात हवा कोरडी व आकाश निरभ्र असल्याने दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. म्हणूनच थंडीच्या लाटेत बिदर जिल्ह्यातील पहाटेचे तापमान 10 अंश सेल्सिअसच्या खालीही उतरते. माझ्यासारख्या समुद्रकाठच्या कोकणी माणसास ही थंडी प्रथम परकीच वाटली!

अशा सकाळी मैदानावर दोन प्रकारचे विद्यार्थी आढळतात. एक पातळ सदऱ्यात कुडकुडणारा, तर दुसरा जाड स्वेटरात शेवटपर्यंत गुरफटलेला. पहिल्याचे चुकते, हे सर्वांस कळते. परंतु दुसऱ्याचेही चुकते. व्यायामात स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. मग घाम येऊन कपडे भिजतात. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे खेळ थांबताच ओला कपडा अंगातील ऊब शोषून घेतो.

वस्तुतः कपडा ऊब निर्माण करीत नाही. त्यात अडकलेली स्थिर हवा ती राखते. म्हणून एका जाड कपड्याहून दोन-तीन पातळ कपडे बरे. 1924 साली एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरी यांच्या अंगावरही रेशीम, सूत व लोकर यांचे असेच थर होते. आपल्याकडील धनगराच्या घोंगडीचे मर्मही हेच; लोकर थोडी भिजली तरी ऊब सोडत नाही.

तेव्हा आरंभी कान व छाती झाकावी. अंग तापताच, घाम येण्यापूर्वीच, वरचा कपडा उतरवावा. खो-खो खेळताना मफलरची टोके लोंबती ठेवू नयेत. खेळ संपताच घाम पुसून आतला ओला कपडा बदलावा व मगच स्वेटर चढवावा. ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी नाकातोंडावर सुती रुमाल बांधावा व शिक्षकांस तसे सांगावे.

यासाठी नव्या स्वेटरची गरज नाही. थोरल्या भावाचा जुना सदराही एक थरच होय. एखाद्या सोबत्यापाशी तोही नसेल, तर त्याची चेष्टा न करता घरातील जास्तीचा कपडा त्यास द्यावा. संचलनात पावले जुळतात, तशी मनेही जुळली पाहिजेत.