परीकथांचा चित्रकार

चेटकीण कोणी पाहिलेली नाही. परी, बुटके, बोलणारी झाडे यांनाही कोणी प्रत्यक्ष भेटलेले नाही. तरीही परीकथा वाचताना प्रत्येक मुलाच्या मनःचक्षूंपुढे त्यांची एकेक मूर्ती उभी राहते. जे कोणी पाहिले नाही ते कागदावर उतरवायचे आणि तेही असे, की पाहणाऱ्याने 'हो, ही अशीच असणार!' असे म्हणावे, हे काम सोपे नव्हे. हे अवघड काम जन्मभर निष्ठेने करणारा एक चित्रकार इंग्लंडमध्ये होऊन गेला. त्याचे नाव आर्थर रॅकहॅम.

आर्थरचा जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी लंडन शहरात झाला. बारा भावंडांच्या त्या मोठ्या कुटुंबात तो वाढला. चित्रे काढण्याचा त्याला लहानपणापासून विलक्षण छंद होता. रात्री अंथरुणात शिरताना तो कागद आणि पेन्सिल लपवून नेत असे. वडील माणसांच्या हे ध्यानात आले आणि त्यांनी कागद काढून घेतला, तर हा मुलगा उशीच्या अभ्र्यावरच चित्रे रेखाटी!

आर्थरची प्रकृती नाजूक होती. हवापालट व्हावा म्हणून १८८४ साली त्याला समुद्रमार्गे ऑस्ट्रेलियाला पाठविण्यात आले. या प्रवासात त्याने जलरंगांची पेटी सोबत घेतली होती. नवे आकाश, नवा किनारा, अनोळखी झाडे हे सारे तो कागदावर टिपत गेला. परत आला तेव्हा त्याची प्रकृती सुधारली होती आणि चित्रकार होण्याचा त्याचा निश्चयही पक्का झाला होता.

परंतु निश्चयाने पोट भरत नाही. अठराव्या वर्षी आर्थरने लंडनमधील एका विमा कंपनीत कारकुनी पत्करली. दिवसभर हिशेबाच्या वह्या आणि संध्याकाळी लँबेथ येथील कलाशाळेत चित्रकलेचा अभ्यास, असा त्याचा नित्यक्रम सुरू झाला. पुढे १८९२ साली, वयाच्या पंचविशीत, त्याने ती नोकरी सोडली आणि एका साप्ताहिकासाठी चित्रे काढण्याचे काम धरले. महिन्याच्या महिन्याला मिळणारा पगार सोडून कुंचल्याच्या भरवशावर संसार उभा करायचा, हे धाडसच होते. आरंभीची काही वर्षे त्याला मिळेल ते काम करावे लागले. समारंभांची, इमारतींची, प्रसिद्ध व्यक्तींची चित्रे तो काढी. परंतु त्याचे मन रमे ते कथांच्या जगात.

ती संधी त्याला इ. स. १९०० मध्ये लाभली. जर्मनीतील याकोब आणि विल्हेल्म या ग्रिम बंधूंनी लोकांच्या तोंडून ऐकलेल्या कथा गोळा करून त्यांचा पहिला खंड १८१२ साली प्रसिद्ध केला होता. या कथांच्या एका इंग्रजी भाषांतरासाठी रॅकहॅमने शंभर चित्रे काढली. त्यांतील बहुतेक सर्व चित्रे काळ्या शाईची होती. या पुस्तकाने त्याचे नाव लोकांच्या ओठांवर आले. पुढे त्याने कितीतरी मोठी पुस्तके सजविली, परंतु ग्रिमच्या कथांविषयी त्याच्या मनात अखेरपर्यंत वेगळाच जिव्हाळा होता.

रॅकहॅमची चित्रे काढण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रथम तो पेन्सिलीने आकृती रेखाटी. मग टाक आणि काळी शाई घेऊन तो त्या रेषा पक्क्या करी. झाडाच्या सालीवरील गाठी, म्हातारीच्या चेहऱ्यावरील सुरकुत्या, बुटक्यांच्या दाढीचे केस हे सारे त्या बारीक रेषांतून जिवंत होई. शाई वाळली, की तो पातळ जलरंगाचा हात फिरवी. एक थर वाळला, की त्यावर दुसरा आणि त्यावर तिसरा, असे पारदर्शक रंगांचे थर चढत जात आणि जुन्या कागदासारखी एक मंद, तपकिरी झाक चित्रभर पसरे. त्या संधिप्रकाशासारख्या रंगात चेटकीण किंवा परी अवचित उभी राहिली, तरी पाहणाऱ्याला त्याचे नवल वाटत नसे.

जलरंग हे मोठे मानी माध्यम आहे. तैलरंगात चूक झाली, तर तिच्यावर जाड रंग चढवून ती झाकता येते. जलरंगात तसे होत नाही. येथे उजेड रंगातून येत नाही. तो कागदाच्या पांढरेपणातून येतो. जेथे प्रकाश हवा, तेथे कागद कोरा राखावा लागतो किंवा रंग अगदी फिका ठेवावा लागतो. एकदा गडद झालेली जागा पुन्हा पूर्ववत उजळणे फार कठीण. म्हणून जलरंगाने काम करणाऱ्याला उतावीळपणा करून चालत नाही. काय ठेवायचे आणि काय गाळायचे, याचा विचार त्याला कुंचला उचलण्यापूर्वीच करावा लागतो.

आणि हा विचार एकट्याने करणे नेहमीच शक्य नसते. आपल्या मनात असलेले चित्र आपल्याला इतके स्पष्ट दिसत असते, की कागदावर जे उतरलेच नाही, तेही आपल्याला तेथे दिसू लागते. दुसऱ्याच्या डोळ्याला मात्र केवळ कागदावरचेच दिसते. म्हणूनच कलावंताला जाणत्या माणसाच्या अभिप्रायाची गरज असते.

रॅकहॅमच्या भाग्याने असा जाणता डोळा त्याला घरातच मिळाला. १९०३ साली त्याचा एडिथ स्टार्की हिच्याशी विवाह झाला. एडिथ ही आयर्लंडमध्ये जन्मलेली गुणी चित्रकर्ती होती. व्यक्तिचित्रे काढण्यात तिचा हातखंडा होता. पतीचे काम तिने नुसते वाखाणले नाही. जे तिला रुचे, ते ती मोकळेपणाने सांगे आणि जे उणे वाटे, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगे. उत्तेजन देणारी तीच आणि सर्वांत परखड टीकाकारही तीच, असे तिचे स्थान होते. जलरंगातील चित्रे प्रदर्शनात मांडावीत, असा तिचाच आग्रह असे.

घरच्या परीक्षेनंतर आली बाहेरची परीक्षा. १९०५ साली रॅकहॅमने 'रिप व्हॅन विंकल' या कथेसाठी काढलेली रंगीत चित्रे लंडनच्या लीस्टर गॅलरीज या प्रदर्शनगृहात मांडण्यात आली. डोंगरातील विचित्र बुटक्यांची भेट होऊन वीस वर्षे झोपी गेलेल्या माणसाची ती गोष्ट. चित्रे पाहण्यास रसिक लोटले आणि बहुतेक चित्रे विकली गेली. याच प्रदर्शनगृहाच्या मध्यस्थीने प्रसिद्ध नाटककार जे. एम. बॅरी याच्याशी रॅकहॅमची भेट झाली आणि पुढच्याच वर्षी बॅरीच्या 'पीटर पॅन'ची गोष्ट त्याच्या चित्रांसह प्रसिद्ध झाली. ही कथा लंडनमधील केन्सिंग्टन गार्डन्स या उद्यानात घडते. रॅकहॅम त्या उद्यानात जाऊन बसला. तेथील वृक्ष, वाटा आणि तलाव त्याने प्रत्यक्ष पाहून रेखाटले आणि मगच त्या मुळांशी आपल्या पऱ्या आणून बसविल्या. झाड खरे होते, म्हणून त्याखालची परीही खरी वाटली.

तथापि प्रत्येक अभिप्राय गोड नसतो. लुई कॅरल याच्या 'ॲलिस इन वंडरलँड' या पुस्तकाला जॉन टेनिएल या चित्रकाराने १८६५ साली चित्रे काढली होती. इंग्लंडातील दोन पिढ्या ती चित्रे पाहत वाढल्या होत्या. १९०७ साली त्या पुस्तकावरील हक्काची मुदत संपली आणि अनेक चित्रकारांनी ॲलिसची नवी चित्रे काढली. रॅकहॅम त्यांतलाच एक. एका मुलीला समोर बसवून त्याने आपली ॲलिस रेखाटली. टेनिएलच्या ठसठशीत रेषांच्या जागी आता मंद रंगांत न्हालेली, किंचित गंभीर अशी ॲलिस दिसू लागली. कित्येक टीकाकारांना ती रुचली नाही. टेनिएलची बरोबरी करू पाहणे म्हणजे मर्यादा सोडणेच होय, असा त्यांच्या टीकेचा सूर होता.

हा प्रसंग कलावंताच्या कसोटीचा असतो. टीका ऐकून कोणी खचतो, तर कोणी संतापून पुढे कोणाचेच ऐकेनासा होतो. रॅकहॅमने दोन्ही मार्ग टाळले. तो आपल्या कामास लागला. दुसऱ्याच वर्षी, १९०८ साली, शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' या नाटकासाठी काढलेली त्याची चित्रे प्रसिद्ध झाली आणि ती त्याच्या सर्वोत्तम कामांत गणली गेली. त्याच वर्षी जलरंग चित्रकारांच्या 'रॉयल वॉटरकलर सोसायटी' या मानाच्या संस्थेने त्याला पूर्ण सभासदत्व दिले. ज्या ॲलिसवर टीका झाली, तिच्या आवृत्त्याही शंभर वर्षांनंतर निघतच आहेत. टीकाकारांना टेनिएलच्या चित्रांची सवय झाली होती. सवयीला नवी वस्तू सहसा रुचत नाही. म्हणून कोणती टीका उणीव दाखविते आणि कोणती केवळ सवयीतून येते, हे कलावंताला ओळखता आले पाहिजे.

स्वतःच्या उणिवांकडे मात्र त्याने कधी डोळेझाक केली नाही. ग्रिमच्या कथांची चित्रे लोकांना आवडली होती, त्यांच्यामुळे त्याला कीर्ती मिळाली होती. तरीही १९०९ साली त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढताना त्याने ती जशीच्या तशी छापू दिली नाहीत. जुनी चित्रे त्याने पुन्हा समोर घेतली. काहींत फेरफार केले, काहींत रंग भरले, तर काही नव्याने काढली. या आवृत्तीत चाळीस रंगीत चित्रे आहेत. त्यांतील हान्सेल आणि ग्रेटेल यांच्या चित्रात मिठाईच्या घराचे दार उघडून काठीच्या आधाराने बाहेर येणारी वाकलेली म्हातारी पाहिली, म्हणजे भय वाटते आणि तिच्या सुरकुत्यांकडे पाहतच राहावेसेही वाटते. नऊ वर्षांच्या अनुभवाने शिकलेला हात त्या रेषांमागे होता.

वय वाढले, तरी त्याची ही काळजीपूर्वक पाहण्याची वृत्ती मंदावली नाही. हान्स अँडरसन या डॅनिश लेखकाच्या परीकथांची चित्रे काढण्याचे ठरले, तेव्हा चौसष्टीकडे झुकलेला रॅकहॅम १९३१ साली डेन्मार्कला गेला. तेथील शेते, घरे आणि संग्रहालयांतील जुन्या वस्तू त्याने रेखाटून आणल्या. ते पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले.

त्याच्या मनात एक जुनी रुखरुख होती. केनेथ ग्रॅहॅम याचे 'द विंड इन द विलोज' हे पुस्तक सजविण्याची संधी अनेक वर्षांपूर्वी चालून आली असता, हाती दुसरे काम असल्यामुळे त्याला ती सोडावी लागली होती. १९३६ साली एका अमेरिकन प्रकाशकाने त्याच पुस्तकाचे काम त्याच्यापुढे ठेवले. रॅकहॅमला अत्यानंद झाला. परंतु लवकरच असाध्य व्याधीने त्याला गाठले. अंथरुणाला खिळलेला असतानाही तो चित्रे काढीत राहिला. अखेरचे चित्र होते उंदीर आणि चिचुंदर यांचे. वनभोजनास निघालेले ते दोघे मित्र नावेत सामान भरीत आहेत, असा तो देखावा. महत्प्रयासाने चित्र पुरे झाले आणि एकाएकी रॅकहॅमच्या ध्यानात आले, की नावेत वल्हीच नाहीत!

त्याची मुलगी बार्बरा जवळच होती. वडिलांचे हाल तिला पाहवत नव्हते. एवढ्याशा गोष्टीने काही बिघडत नाही, असे तिने त्यांना परोपरीने सांगितले. तिच्या बोलण्यात माया होती. परंतु रॅकहॅमने ते मानले नाही. वल्ह्यांवाचून नाव चालणार कशी? त्याने थरथरत्या हाताने चित्र पुन्हा पुढे ओढले, वल्ही काढली आणि मगच समाधानाने अंग टाकले. हे शेवटचे चित्र हातावेगळे झाले, याबद्दल त्याने देवाचे आभार मानले.

६ सप्टेंबर १९३९ रोजी आर्थर रॅकहॅमचे निधन झाले. इंग्लंड दुसऱ्या महायुद्धात उतरून अवघे तीन दिवस झाले होते. त्याचे ते अखेरचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले.

उंदीर नाव वल्हवीत नाही, हे लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु गोष्टीतील उंदराने नाव वल्हवावयाची असेल, तर वल्ही खरी हवीत. कल्पनेच्या राज्यातही सत्याचे नाणे चालते, ते असे. आणि ती उणीव रॅकहॅमला कोणी दाखवून द्यावी लागली नाही. पत्नीचे परखड बोल, प्रेक्षकांचे कौतुक आणि टीकाकारांचे टोले ऐकत ऐकत त्याचा स्वतःचाच डोळा त्याचा सर्वांत कठोर परीक्षक झाला होता.

स्वाध्याय

१. रॅकहॅमने नोकरी सोडली, हे धाडस होते असे का म्हटले आहे?
२. जलरंगाला 'मानी माध्यम' का म्हटले आहे? तैलरंग आणि जलरंग यांतील फरक सांगा.
३. एडिथचा अभिप्राय आणि ॲलिसच्या चित्रांवरील टीका यांत कोणता फरक आहे? तुमच्या शब्दांत लिहा.
४. 'कल्पनेच्या राज्यातही सत्याचे नाणे चालते.' या वाक्याचा अर्थ पाठातील दोन प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करा.
५. तुम्ही ऐकलेल्या एखाद्या गोष्टीतील पात्राचे चित्र जलरंगात काढा. ते मित्राला दाखवा, पण पात्राचे नाव सांगू नका. त्याने चित्रात काय काय पाहिले, ते लिहून घ्या आणि आपल्या मनातील चित्राशी ताडून पाहा.