वाजवणारे हात आणि लिहिणारा हात



या सत्रात मंडळाच्या रसग्रहण वर्गात आपण ‘स्कॉट जॉप्लिन’ हा १९७७ सालचा अमेरिकन चरित्रपट पाहिला. जेरेमी केगन यांनी दिग्दर्शित केलेला, सुमारे दीड तासाचा. पाहून झाल्यावर मी प्रत्येकाला एकच प्रश्न दिला होता : सर्वांत आवडलेला प्रसंग कोणता आणि का? बहुतेकांनी पियानोची जुगलबंदी लिहिली. खरं सांगायचं तर मीही तीच लिहिली असती. पण एका मुलीच्या उत्तराने मला चित्रपट दुसऱ्यांदा पाहायला लावला. त्या दुसऱ्या पाहण्यातून जे सापडलं, ते इथे मांडते.

आधी थोडी पूर्वतयारी. ‘रॅगटाइम’मधल्या ‘रॅग’चा आपल्या ‘रागा’शी काही संबंध नाही. फाटक्या, विस्कटलेल्या तालाचं ते नाव. करून बघा : डाव्या हाताने टेबलावर सारख्या अंतराने चार ठोके देत राहा. ठेका अजिबात सोडू नका. आता उजव्या हाताने त्या ठोक्यांवर न थांबता, दोन ठोक्यांच्या मधल्या जागांवर जोर देत वाजवा. डावा हात लष्करी संचलनासारखा सरळ चालतो, उजवा त्याला सारखा चकवतो. हाच रॅगटाइमचा गाभा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी तो घडवला.

जॉप्लिनचा जन्म १८६८च्या आसपास टेक्सासमध्ये झाला. वडील पूर्वी गुलामगिरीत होते, आई लोकांच्या घरची साफसफाई करायची. जर्मनीहून आलेल्या एका संगीतशिक्षकाने मुलातला गुण ओळखून त्याला शिकवलं. पुढे मिझुरी राज्यातल्या सेडेलिया गावात, कृष्णवर्णीयांसाठी चालवलेल्या मेथडिस्ट कॉलेजात तो शिकला, असं चरित्रकार सांगतात. ते कॉलेज १९२५ साली जळालं आणि त्याची कागदपत्रंही गेली.

आता चित्रपटाकडे. जॉप्लिनची भूमिका बिली डी विल्यम्स यांनी केली आहे, त्याचा मित्र लुई शॉव्हिन झाले आहेत क्लिफ्टन डेव्हिस. पियानो ऐकू येतो तो डिक हायमन यांचा. रॅगटाइमच्या काळातले खरेखुरे वादक-संगीतकार युबी ब्लेकही एका छोट्या भूमिकेत दिसतात. दोन वादक, एक गर्दी, चढत जाणारी लय! जुगलबंदी कोणाला आवडणार नाही? शॉव्हिनची बोटं आपल्याला जिंकतात, आणि त्यात चुकीचं काही नाही.

पण त्या मुलीने लिहिलं होतं ते असं : मला जॉप्लिन आणि प्रकाशक जॉन स्टार्क यांच्यातला व्यवहार आवडला. कारण शॉव्हिन कितीही छान वाजवत असला, तरी मला वाजवायचं झालं तर जॉप्लिनचंच वाजवता येईल.

ती गावच्या चर्चमध्ये स्वरलिपी शिकलेली. गोव्यात ही परंपरा जुनी आहे. चर्चला जोडलेल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या मुलं पाच रेघांवरचे स्वर वाचायला शिकली. पुढच्या आठवड्यात तिने ‘मेपल लीफ रॅग’ची पानं काढून आणली आणि हॉलमधल्या पियानोवर थांबत-अडखळत पहिला भाग वाजवून दाखवला. १८९९ साली छापलेली पानं, आणि वाजवणारी पणजीमची मुलगी!

तिथून मला हा चित्रपट कागदाची गोष्ट वाटू लागला.

शॉव्हिनचंच घ्या. खऱ्या आयुष्यात तो सेंट लुईसमधला असामान्य वादक होता, पण त्याला स्वरलेखन येत नव्हतं. १९०८ साली, विशीतच तो गेला. त्याच्या नावावर छापलेल्या रचना तीनच. त्यातली ‘हीलियोट्रोप बुके’ (१९०७) जॉप्लिनबरोबरची. तिचे पहिले दोन भाग शॉव्हिनचे आणि पुढचे दोन जॉप्लिनचे मानले जातात. म्हणजे मित्राने कागदावर उतरवलं तेवढं उरलं. बाकीचं त्या रात्रींबरोबर संपलं. जुगलबंदीचा प्रसंग हे ठाऊक असताना पाहा. टाळ्या वाजवणारा हात मध्येच थांबतो.

आता स्टार्क. चित्रपटात ही भूमिका आर्ट कार्नी करतात. ‘मेपल लीफ रॅग’च्या करारात प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मानधन ठरलं होतं. आज आपल्याला हसू येईल, पण तेव्हा अनेक रचनाकार, त्यातही कृष्णवर्णीय, थोडी रक्कम एकदाच घेऊन हक्क सोडून देत. प्रत्येक प्रतीवर हिस्सा मिळणं म्हणजे ‘ही रचना माझी आहे’ हे दुसऱ्याने लेखी मान्य करणं. जॉप्लिनला केवळ वादक म्हणवून घ्यायचं नव्हतं, त्याला रचनाकार म्हणून ओळख हवी होती. म्हणूनच तो आपल्या छापील रचनांवर वाजवणाऱ्याला बजावून ठेवायचा, की रॅगटाइम कधीही घाईने वाजवू नये.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. कागद म्हणजे अमरपट्टा नव्हे. जॉप्लिनचा पहिला ऑपेरा ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’ १९०३ साली रंगमंचावर आला, पण त्याची संहिता हरवली ती हरवलीच. दुसरा, ‘ट्रीमोनिशा’, त्याने १९११ साली पदरच्या पैशाने छापला. त्याची नायिका वस्तीतली एकमेव लिहितावाचता येणारी तरुणी आहे. शिक्षणाच्या बळावर ती आपल्या लोकांना अंधश्रद्धेतून बाहेर काढते. १९१५ साली हार्लेममध्ये वाद्यवृंदाविना, नुसत्या पियानोवर त्याचा एक प्रयोग झाला आणि पडला. १ एप्रिल १९१७ रोजी जॉप्लिन न्यूयॉर्कमध्ये वारला. १९७४ पर्यंत त्याच्या कबरीवर नावाची खूणही नव्हती.

छापलेलं होतं, पण उचलणारं कोणी नव्हतं. १९७० साली जोशुआ रिफ्किन यांनी त्याच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली. १९७३च्या ‘द स्टिंग’ चित्रपटाने त्या घराघरात पोहोचवल्या. १९७२ साली अटलांटात ‘ट्रीमोनिशा’ पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आला आणि १९७६ साली जॉप्लिनला मरणोत्तर विशेष पुलित्झर सन्मान मिळाला. आपण पाहिलेला चित्रपट याच लाटेवरचा.

चरित्रपट म्हणून त्याच्या मर्यादा मान्य करू. जॉप्लिनची लग्नं तीन झाली, चित्रपटाचा भर मात्र बेलवर आहे. आजार आणि ऱ्हास यांचं नाट्य पडद्यावर उठून दिसतं. टेबलाशी बसून महिनोन्‌महिने स्वर लिहिणारा माणूस मात्र दाखवायला कठीण, म्हणून तो बाजूला पडतो. रसग्रहण करताना अशा वेळी दोन प्रश्न विचारावेत : पडद्यावर काय दाखवलं? आणि दाखवायला अवघड म्हणून काय राहून गेलं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला चित्रपटाबाहेर जावं लागतं.

आता थोडं माझं. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची. जात्याची घरघर हा तिचा डावा हात म्हणा हवं तर. तिची चाल मला अजून पक्की आठवते, शब्द मात्र तीन-चार ओळींच्या पुढे आठवत नाहीत. मी इतकी वर्षं मराठी शिकवते आणि माझ्या घरात तिची एकही ओवी लिहिलेली नाही. हे सांगताना लाज वाटते, पण सांगायलाच हवं.

म्हणून यावेळचा स्वाध्याय निबंधाचा नाही. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक ओवी, आरती, धालोचं गाणं, जे काही मिळेल ते ऐका आणि लिहून आणा. म्हणणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख वर लिहा. शब्द सुधारू नका, ऐकलात तसाच ठेवा. आणि घाई करू नका, समोरचा माणूस थांबेल तिथे तुम्हीही थांबा.

आणलेलं पुढच्या बैठकीत एकमेकांना वाचून दाखवू. पियानोपाशी बसणाऱ्या मुलीने ‘मेपल लीफ’चा दुसरा भाग बसवायचं कबूल केलं आहे, तोही ऐकू.