उतारवयातील सर्पमादी आणि प्रजननाचा निर्णय

पाळीव सापांच्या प्रजननाविषयी जे मार्गदर्शन छंदिष्टांमध्ये प्रचलित आहे, त्याचा बहुतेक भाग मादी केव्हा वयात येते आणि तिचे वजन किती असावे या प्रश्नांभोवती फिरतो. कोणत्या वयानंतर तिला नराजवळ सोडू नये, या प्रश्नाला त्यात क्वचितच जागा मिळते. स्त्रियांमधील रजोनिवृत्तीसारखी ठळक सीमारेषा सापांमध्ये दिसत नाही आणि वृद्ध मादीच्या अंडाशयातही पुटिका, म्हणजे बलक साठवून पुढे अंडे होणाऱ्या पिशव्या, वाढत राहू शकतात, हे त्याचे एक कारण आहे. दुसरे कारण या छंदाच्या वयात आहे. पश्चिम आफ्रिकेतील घाना, टोगो, बेनिन या देशांतून येणाऱ्या बॉल पायथन या लहान अजगराचे रंगभेदांसाठी प्रजनन करण्याची लाट अमेरिका आणि युरोपात 1990च्या दशकापासून उसळली. त्या काळात तरुण असलेल्या माद्या जिथे जगल्या-वाचल्या आहेत तिथे त्या आज वृद्ध झाल्या आहेत, आणि त्यांचे काय करावे हा प्रश्न त्यांच्या मालकांपुढे प्रथमच उभा राहत आहे.

या प्रश्नाच्या चर्चेत अमेरिकेतील सेंट लुइस प्राणिसंग्रहालयाच्या बॉल पायथन मादीचा दाखला हमखास दिला जातो. 1961 साली एका खासगी मालकाने संग्रहालयाला दिलेल्या या मादीने 2020च्या जुलैमध्ये 7 अंडी घातली. तेव्हा तिचे वय किमान 62 वर्षे असावे असा अंदाज होता, आणि दीड दशकाहून अधिक काळ ती नराच्या संपर्कात आलेली नव्हती. अशा घटनेची स्पष्टीकरणे दोन असू शकतात: एक अनिषेकजनन, म्हणजे नराच्या शुक्राणूविना अंड्यात जीव धरणे, आणि दुसरे शुक्राणुसंचय, म्हणजे पूर्वीच्या मीलनातील शुक्राणू मादीने स्वतःच्या अंडनलिकेत दीर्घकाळ जपून ठेवणे. जीवशास्त्राच्या दृष्टीने ही घटना मोलाची आहे यात शंका नाही. परंतु तिच्या आधारे घरातील वीस-पंचवीस वर्षांच्या मादीला नराजवळ सोडणे हा तर्कदोष आहे. मादी अंडी घालू शकते एवढेच अशा उदाहरणातून सिद्ध होते. अंडी घालताना तिच्या शरीराला काय सोसावे लागेल आणि झालेली झीज त्यानंतर भरून निघेल की नाही, याविषयी ते काहीच सांगत नाही.

ही झीज लहान नसते. पुटिकांमध्ये भरला जाणारा बलक यकृतात तयार होणाऱ्या एका प्रथिनापासून बनतो, त्यासाठी पोटातील मेदसाठा खर्ची पडतो आणि कवचासाठी कॅल्शियम लागते. शिवाय बॉल पायथनची मादी अंडी पोटात असताना बहुधा खाणे थांबवते, आणि अंडी तिच्याजवळच ठेवल्यास पुढील सुमारे दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसते व त्याही काळात क्वचितच भक्ष्य घेते. तरुण मादी पुढील हंगामापर्यंत सावरते. वृद्ध मादीचे यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायू यांची राखीव क्षमता आधीच घटलेली असल्याने तेच उपोषण तिला पेलेलच असे नाही.

जाणत्या पाळणाऱ्यांनी सर्वाधिक किंमत मोजून शिकलेला धडा अंडी अडकण्याचा आहे. पूर्ण वाढ झालेली एक किंवा अनेक अंडी बाहेर न पडता अंडनलिकेतच राहणे, या अवस्थेला हे नाव आहे. हालचालीला वाव नसलेल्या पेटीत वर्षानुवर्षे राहून सैल पडलेले स्नायू, अतिपोषणाने साचलेली चरबी, शरीरातील पाण्याची कमतरता, अंडी घालण्यास सुरक्षित व दमट जागा नसणे, अंडनलिकेचा जुना दाह ही त्याची नेहमीची कारणे असून, वय वाढते तशी यांतील बहुतेक एकाच मादीत एकत्र येतात. अशा प्रसंगांचा क्रमही बराचसा ठरलेला असतो: मादी काही अंडी घालते, मालक निश्चिंत होतो, शेपटीकडील भागातला फुगवटा 'उतरेल हळूहळू' म्हणून सोडून दिला जातो, आणि ती खात नाही हे लक्षात येईपर्यंत आत राहिलेले अंडे कडक होऊन नलिकेला चिकटलेले असते. घरच्या घरी बोटांनी दाबून अंडे पुढे सरकवण्याचा उपाय अनेकजण करून पाहतात. त्यात नलिका फाटू शकते किंवा अवस्करातून, म्हणजे विष्ठा व अंडी यांच्या सामाईक मार्गातून, बाहेर येऊ शकते, म्हणून तो कटाक्षाने टाळावा. कासवांमध्ये गुणकारी ठरणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन सापांमध्ये तितके भरवशाचे नसते. त्यामुळे पशुवैद्याला पुष्कळदा सुईने बलक काढून अंडे लहान करावे लागते किंवा शस्त्रक्रियेचा मार्ग घ्यावा लागतो. वृद्ध सापाला भूल देणे हा स्वतंत्र धोका असल्याने उपचाराचा निर्णय जितका लवकर होईल तितका बरा, आणि अंडी घालण्याचे काम मध्येच थांबल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत पशुवैद्याला विचारणे यात घाई मुळीच नाही.

मादीला नराजवळ सोडावे की नाही हे ठरवताना वयाच्या आकड्यापेक्षा तिचा इतिहास अधिक बोलका असतो. नियमित पण मधूनमधून विश्रांती देऊन अंडी घातलेली बारा वर्षांची मादी, आणि त्याच वयाची पण एकदाही अंडी न घातलेली, खाऊन जड झालेली मादी, यांत दुसरीचा धोका मोठा असतो, असेच सर्पपालक व पशुवैद्य सामान्यतः मानतात. आयात केलेल्या प्रौढ सापांचे खरे वय तर लांबीवरून किंवा वजनावरून कळतच नाही. बॉल पायथनसाठी सांगितली जाणारी दीड किलोच्या आसपासची मर्यादा ही तरुण मादीच्या वाढीची कसोटी आहे. वृद्ध मादीत तेच वजन निव्वळ चरबीचे असू शकते, आणि शरीर वळताच खवल्यांमधील कातडी उघडी पडणे किंवा शेपटीच्या मुळाशी गोळे दिसणे ही त्याची खूण होय. म्हणून हंगामापूर्वी सोनोग्राफी आणि शक्य असल्यास रक्ततपासणी करून घ्यावी, आणि शंका राहिली तर बेत सोडून द्यावा.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक या जातीत आणखी एक पेच असतो. ही मादी एका वेळी 10 ते 30 अंडी घालते आणि भरपूर खाऊ घातल्यास त्याच हंगामात, पुन्हा मीलन न होताही, साठवलेल्या शुक्राणूंवर दुसऱ्यांदा अंडी घालू शकते; वृद्ध मादीला हे दुसरे ओझे पेलवत नाही. या जातीला प्रजननापूर्वी दोन-तीन महिने 10 ते 15 अंश सेल्सियसच्या थंडाव्यात ठेवण्याची, म्हणजे कृत्रिम शीतनिद्रेची, प्रथा आहे. पोटात भक्ष्य असताना थंडी दिली तर ते कुजते, म्हणून आधी किमान दोन आठवडे खाणे बंद ठेवावे लागते. श्वसनाचा संसर्ग होऊन गेलेल्या वृद्ध सापाला तर हा थंडावा देऊच नये.

नराची बाब तुलनेने सोपी आहे. मीलनाच्या काळात तो आठवडेच्या आठवडे अन्न नाकारतो, तेव्हा म्हाताऱ्या नराचे वजन नियमितपणे पाहावे आणि ते घसरू लागताच त्याला वेगळे करावे.

नराला दूर ठेवले म्हणजे प्रश्न संपला, असे मात्र नाही, कारण एकटी मादीही अफलित अंडी घालू शकते आणि तीही अडकू शकतात. त्यामुळे प्रजननाचा विचार ज्यांनी कधीच केला नाही, त्यांनीही आपल्या सापाचे लिंग निश्चित करून घ्यावे आणि मादीचे पोट फुगू लागल्यास ओलसर शेवाळ घातलेली बंदिस्त पेटी तिला द्यावी. मादीला विश्रांती द्यायची असेल तर अंडी घातल्यावर ती लगेच काढून उबवणीच्या यंत्रात, बॉल पायथनच्या बाबतीत 31 ते 32 अंश सेल्सियसला, ठेवावीत. मादीच्या अंगावरील वास जावा म्हणून तिला व तिची पेटी धुऊन काढली तर ती लवकर खाऊ लागते, असा अनेकांचा अनुभव आहे. पहिली काही भक्ष्ये नेहमीपेक्षा लहान असावीत.

परदेशी बाजारात 'सिद्ध मादी' या विशेषणाने विकल्या जाणाऱ्या, म्हणजे पूर्वी अंडी घातलेल्या, माद्यांकडे संशयानेच पाहिले पाहिजे. चांगली मादी विक्रेता सहसा हातची सोडत नाही, आणि सोडतो तेव्हा तिची उमेद संपत आलेली असण्याची शक्यता मोठी असते.

भारतातील वाचकांसाठी कायद्याची चौकट वेगळी आहे. नाग, धामण, अजगर असे देशी साप वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 अन्वये संरक्षित असल्याने ते घरी पाळणे हाच गुन्हा ठरतो, तिथे प्रजननाचा प्रश्नच उद्भवत नाही. बॉल पायथन साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येत असल्याने 2022च्या दुरुस्तीनंतर आणि 2024च्या नियमांनुसार त्याचा ताबा आणि त्याच्या पिल्लांचा जन्म यांची नोंद परिवेश पोर्टलवर करणे बंधनकारक आहे.