आडवे झाल्यावर लागणारी धाप

रात्री आडवे पडल्यावर तासा-दोन तासांत धाप लागून जाग येते आणि उठून बसले की हळूहळू बरे वाटते, अशी तक्रार असेल तर आधी हृदय तपासून घ्या. खोकल्याचे औषध नंतर. फुफ्फुसांत शुद्ध झालेले रक्त हृदयाच्या डाव्या बाजूत येते आणि तिथून अंगभर जाते. हार्ट अटॅक, जुना रक्तदाब किंवा लहानपणच्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालेली झडप यांमुळे ते पुढे गेले नाही, की मागे तुंबते. फुफ्फुसांतल्या केशवाहिन्यांतला दाब एरवी पाऱ्याच्या 8 ते 12 मिलिमीटर असतो. तो अचानक 18च्या वर गेला की पाणी झिरपू लागते आणि 25च्या आसपास थेट वायुकोशांत उतरते. दिवसभर पायांत साचलेले पाणी आडवे होताच रक्तात परतते, म्हणून त्रास रात्रीचा.

‘पण छातीत दुखत नाही,’ असे बरेच जण म्हणतात. तुंबलेले रक्त दुखत नाही, ते दमवते. ‘पंपाने आराम पडला, म्हणजे दमाच,’ हा तर्कही अपुरा आहे. पाण्याने श्वासनलिका सुजल्या तरी छातीत शिट्टी वाजते आणि पंपाने थोडे मोकळे वाटू शकते. दमाही रात्री बळावतो, हे खरे. पण पन्नाशीनंतर पहिल्यांदाच धाप लागू लागली आणि जोडीला रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर ईसीजी, एक्स-रे आणि टूडी इको टाळू नये. इकोत हृदयाची ताकद चांगली दिसली म्हणूनही निर्धास्त राहता येत नाही. ताठर झालेले हृदय नीट आकुंचन पावते, पण सैल पडत नाही, आणि दाब तेवढाच वाढतो.

‘सुईने पाणी काढून टाका ना!’ फुफ्फुसाच्या आवरणातले पाणी तसे काढता येते. फुफ्फुसात मुरलेले नाही. ते औषधाने लघवीवाटेच काढावे लागते. प्रवासात किंवा लग्नात अडचण नको म्हणून तीच गोळी चुकवली जाते, वर पंगतीत लोणचे-पापड होतात. सैंधव मीठही मीठच. गुडघ्यांसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मीठ-पाणी धरून ठेवतात. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी वजन करून लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत 2 किलो वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. बसूनही धाप थांबत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा गुलाबी फेस पडत असेल, तर 108ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत रुग्णाला पाय खाली सोडून बसवा, निजवू नका.